उंबरातली केंबरं

ती. सौ. वहिनींस,


शाळेच्या हरित सेनेचं काम यंदा तुमच्या गळ्यात पडल्याचं दादाकडून कळलं होतंच. तुमचं पत्रही पोचलं. पाच जूनच्या पर्यावरण दिनासाठी वीस मिनिटांचं भाषण हवंय आणि मुलांच्या हाती द्यायला चार घोषवाक्यं. रागावू नका, पण भाषण मी लिहून देत नाही. त्याऐवजी हे पत्र, आणि ते वीस मिनिटांत वाचून होईलच असं नाही.

मुलांना आपण काय कमी सांगितलंय? पाचवीतला पोरगा ओझोनचा थर सांगतो, ध्रुवीय अस्वलाचं चित्र काढतो, ॲमेझॉनच्या जंगलाला दुनियेची फुप्फुसं म्हणतो. शाळेच्या कुंपणावर चढलेल्या वेलीचं नाव विचारलं की तो हेडमास्तरांकडे बघतो आणि हेडमास्तर घड्याळाकडे. अमेरिकेतले डेव्हिड सोबेल नावाचे शिक्षणतज्ज्ञ म्हणतात, की चौथीपर्यंतच्या मुलांपुढे पर्यावरणाची रडकथा मांडूच नये. ज्याच्याशी ओळख नाही त्याच्या मरणाची बातमी रोज ऐकवली, तर मूल कान बंद करायला शिकतं. मला हे पटतं. आधी ओळख व्हायला हवी. काळजी वाटायचीच असेल तर ती त्यानंतर वाटते.

आपल्याकडे हा विषय शाळेत शिरला तो बराचसा कोर्टाच्या दारातून. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९१ मध्ये निकाल दिला, की शाळा-कॉलेजांत पर्यावरण हा विषय सक्तीचा करा. त्याच निकालात सिनेमागृहांनाही हुकूम होता, की प्रत्येक खेळाला पर्यावरणाच्या निदान दोन स्लाइड फुकट दाखवा. लोक तेव्हा खुर्चीचा नंबर शोधत असायचे. कोर्टाचा हेतू चोख होता, पण हुकमाने तास नेमता येतो, गुण नेमता येतात, त्यापुढे त्याची मजल जात नाही. आता अकरावी-बारावीला ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ आहे आणि त्याच्या प्रकल्पवह्या कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे तयार मिळतात.

मग माणसाचं मन निसर्गाकडे वळतं कशाने? पक्षितज्ज्ञ सलीम अलींचं उदाहरण सगळेच देतात, मीही देणार आहे, पण जरा वेगळ्या कारणासाठी. आईवडील लहानपणीच गेलेले, मुंबईत खेतवाडीला मामांकडे वाढलेला हा मुलगा. मामा अमिरुद्दीन तय्यबजी शिकारीचे शौकीन, त्यामुळे पोराच्या हातात छऱ्याची बंदूक आलेली आणि चिमण्या टिपणं हा खेळ. दहाबारा वर्षांचा असताना त्याने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. आपण जिला रानचिमणी म्हणतो ती. ही नेहमीची नव्हे, मग कोणती? मामांना सांगता येईना, पण ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी चिठ्ठी देऊन पोराला तिथल्या मानद चिटणीसांकडे धाडलं.

सोसायटीबद्दल एक आडवं सांगतो, तुम्हाला आवडेल. १८८३ मध्ये ती ज्या आठ जणांनी काढली त्यांतले दोघे आपले, प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. हे सखाराम अर्जुन म्हणजे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. नवऱ्याकडे जायला नकार देऊन कोर्टात उभ्या राहिलेल्या रखमाबाईंच्या पाठीशी जो माणूस होता, त्यालाच झाडापाल्याचाही नाद होता.

तर चिटणीस होते डब्ल्यू. एस. मिलार्ड. मेलेली चिमणी घेऊन बिचकत आलेलं पोर पाहून त्यांनी ‘पक्षी मारू नये’ असं सुनावलं नाही. चिमणी कोणती ते सांगितलं, मग एकामागून एक कपाटं नि खण उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले आणि वाचायला पुस्तकं दिली. पुढे तिथेच तो पक्ष्यांचं कातडं सोडवून नमुने टिकवायला शिकला. सायलेंट व्हॅलीचं जंगल वाचावं म्हणून म्हातारपणी ज्यांनी आपला शब्द खर्ची घातला, त्यांची सुरुवात ही अशी. वहिनी, मला यात छऱ्याच्या बंदुकीपेक्षा मिलार्ड महत्त्वाचा वाटतो. पोराचा प्रश्न त्याने स्वतःच्या कामाइतकाच मोलाचा मानला. मामांचंही श्रेय तेवढंच. ‘मला माहीत नाही’ म्हणून ते थांबले नाहीत, ज्याला माहीत होतं त्याचं दार दाखवलं.

अभ्यासकांनाही साधारण हेच सापडलंय. थॉमस टॅनर यांनी १९८० मध्ये निसर्गरक्षणात काम करणाऱ्यांना विचारलं होतं, की या वाटेला कसे लागलात? लहानपणी उघड्या रानात घालवलेला काळ, हे उत्तर सर्वांत पुढे आलं. नंतर लुईझ चावला केंटकी आणि नॉर्वेतल्या कार्यकर्त्यांशी बोलल्या, तर रानाच्या जोडीला घरातलं कुणीतरी माणूसही निघालं. माझी शंका एवढीच, की विचारलं ते वाटेला लागलेल्यांना. आपल्याकडची गुराख्याची पोरं दिवसभर रानातच असायची. ती सगळी का नाही सलीम अली झाली? रान होतं, पण चिठ्ठी देणारा मामा नव्हता आणि खण उघडणारा मिलार्डही नव्हता.

निसर्गाबद्दल प्रेमच वाटलं पाहिजे असा आपला शहरी हट्ट असतो, तोही मला पटत नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया अभ्यासल्या. त्या राखल्या होत्या देवाच्या धाकाने. काही ठिकाणी वाळलेलं पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही. वारल्यांचा वाघोबा घ्या, त्याच्याशी नातं मान राखण्याचं आणि सलोख्याचं. पुढे शाळा आली आणि धाक गेला. तो जावा हे ठीकच, पण त्या जागी शाळेने दिलं काय? घोषवाक्य.

पोटाचा भाग तर आपण बोलतच नाही. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला, नाना फडणविसांच्या गावी, समुद्रकासवांची अंडी सर्रास उकरून नेली जात. २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून घरटी राखायला सुरुवात केली आणि २००६ मध्ये कासव महोत्सव सुरू झाला. पिल्लं समुद्राकडे जाताना बघायला लोक येतात, गावातल्या घरांतच उतरतात, जेवतात. कासवामुळे घरात चार पैसे येतात म्हणून हे प्रेम खोटं, असं म्हणणाऱ्याला मी विचारीन, शेतकऱ्याचं बैलावरचं प्रेम खोटं असतं का?

आता तुमच्या कामाचं. शाळेमागे ओढ्याकाठी उंबर आहे ना, दत्ताच्या पादुका आहेत तो? पाच जूनला मुलांना तिथे न्या. उंबराला फूल नसतं असं ती घरून ऐकून आलेली असतील. एक फळ चिरा. आत गच्च दाटलेली बारीक फुलं दिसतील आणि नशीब असेल तर केंबरंही, म्हणजे उंबरातले बारीक किडे. किडकं म्हणून फेकू देऊ नका, खरी गंमत तिथेच आहे. परागकण घेऊन आलेली केंबराची मादी टोकाच्या भोकातून आत शिरते, अंडी घालते आणि आतच मरते. तिच्या अंड्यांतून निघालेले नर बिनपंखाचे. ते आतल्या आतच माद्यांशी जुगतात, त्यांना बाहेर पडायला भोक पाडून देतात आणि उघड्या आभाळात एकदाही न उडता संपतात. नव्या माद्या पराग घेऊन दुसरं उंबर गाठतात. ही केंबरं नसतील तर उंबराला बी धरत नाही. पादुकांना नमस्कार करू द्या, फळही चिरू द्या. दोन्हींचं एकमेकांत काही अडत नाही.

मग वर्षभर त्याच झाडाची एक वही ठेवा. फळं कधी धरली, तांबट कधी आला, हरियल आले का, रात्री वटवाघळं काय टाकून गेली. तुम्हाला येणार नाहीत असे प्रश्न मुलं विचारतील. ते कार्डावर लिहून मला पाठवा. मलाही आले नाहीत तर पुढे कुणाला पाठवायचे ते मला माहीत आहे.

रोपं मात्र पाच जूनला लावू नका. अजून जमीन तापलेली असते. मृगाचा पाऊस चांगला मुरला की लावा, आणि गुलमोहर नको.

दादाच्या हाती डझनभर भिंगं पाठवतो आहे. चाकू तुमच्याच हाती ठेवा. हेडमास्तर अहवालासाठी फोटो मागतीलच. डोळ्याला भिंग लावलेल्या पोरांचा द्या, मागे कुणी फलक धरून उभं राहिलं तरी चालेल.

तुमचा,
भावोजी