चित्रांतला धारासभ्य आणि गावचा सरपंच

सुरतच्या डिंडोली, लिंबायत, उधना परिसरात खानदेशातून आलेल्या कुटुंबांची मोठी वस्ती आहे. घरी अहिराणी, वर्गात मराठी आणि रस्त्यावर गुजराती-हिंदी अशा भाषांत तेथील अनेक मुले वाढतात. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याचे कर्तव्य संविधानाच्या अनुच्छेद ३५०कने १९५६ पासून राज्यांवर सोपविले आहे; सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालविते.

डिंडोलीतील सातवीच्या एका वर्गात मला नागरिकशास्त्रावर बोलावयाचे होते. भाषणाऐवजी मी कोरे कागद वाटले आणि ‘राजकारण’ म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येते ते काढावयास सांगितले. सरतपासणीत सूचक प्रश्नाला सहसा मुभा नसते, कारण त्यात उत्तर आधीच दडलेले असते. ‘लोकशाही म्हणजे काय?’ या प्रश्नाचेही तसेच. मूल पाठ्यपुस्तकातील वाक्य परत करते. कागदावर नाव लिहावयाचे नाही आणि घरच्यांचा पक्ष कोणी विचारावयाचा नाही, हे आधीच ठरविले होते.

चित्रांत हार, ध्वनिक्षेपक, नळावरील हंड्यांची रांग होती. मंचावरील पुढाऱ्याखाली ‘धारासभ्य’ लिहिले होते, पारावर बसलेल्या माणसाखाली ‘सरपंच’. ‘आमदार’ एकाही कागदावर नव्हता. यास भाषेची भेसळ म्हणणे अन्यायाचे होईल. जी सत्ता जेथे भेटते, तिचे नाव मूल तेथूनच उचलते.

एका कागदावर केवळ आगगाडी होती. खिडकीतील माणसाकडे बोट दाखवून मुलगा म्हणाला, “हाऊ मना बाप.” वडिलांचे नाव गावच्या मतदारयादीत आहे, निवडणूक आली की ते गावी जातात.

१९५०च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमानुसार एकाहून अधिक मतदारसंघांत नाव नोंदविता येत नाही. सामान्य निवास हा नोंदणीचा निकष आहे. या कुटुंबाचा नळ डिंडोलीत आणि मत गावी, म्हणून पाण्याची तक्रार ज्या नगरसेवकाकडे न्यावयाची त्याला त्यांच्या मताची गरज नाही. मराठी शाळेत शिक्षक हवेत ही मागणीही त्याच महानगरपालिकेपुढे जाते आणि तितकीच हलकी ठरते.

गावाची ओढ खरी आहे. नाव कोठे ठेवावे हे सांगण्याचा अधिकार माझा नाही. परंतु निवास बदलल्यास नोंद हलविण्यासाठी ‘नमुना ८’ भरता येतो, ही माहिती पालकसभेत मराठीतून, शक्य तेथे अहिराणीतून, दिली गेली पाहिजे. सीमेपलीकडील मराठी शाळांचा प्रश्न हाती घेणाऱ्या कार्यकर्त्यांनी निवेदनाबरोबर हा अर्जही सोबत न्यावा.