अम्मीचा अर्धा ग्लास

नव्या फ्लॅटचा नकाशा माझ्यापुढे पसरून मुलगा म्हणाला, "अब्बा, चार माणसांना दोन बाथरूम कशाला? एक काढून टाकू. मुलीला अभ्यासाला जागा होईल."

हिशेब बरोबर होता. मी मात्र गप्प राहिलो. मला परळची चाळ आठवली.

१९७० च्या दशकात आम्ही तिथे सात माणसे एका खोलीत राहत होतो. अब्बा गिरणीत होते. कोपऱ्यात छोटीशी मोरी. भांडी तिथेच, कपडे तिथेच, वजूही तिथेच. बायकांना आंघोळ करायची असली की पुरुषांनी गॅलरीत जाऊन उभे राहायचे. संडास मजल्याच्या टोकाला, सगळ्या बिऱ्हाडांत सामाईक. पहाटेपासून टमरेलांची रांग लागे. पहिल्या पाळीला जाणाऱ्याला पुढे सोडायचे, ही चाळीची रीत. अब्बांची फजर चुकू नये म्हणून शेजारचे काका कधीकधी आपला नंबर त्यांना देत. माणुसकी भरपूर होती, आडोसा नव्हता.

रमजानमध्ये सहरीला अम्मी आम्हाला आग्रहाने दोन-दोन ग्लास पाणी पाजायची. स्वतः अर्धाच ग्लास घ्यायची. मला वाटे, हिला तहान कमी लागत असेल.

पुढे तिला मुतखड्याचा त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी विचारले, "पाणी कमी पिता का?" अम्मीने मान खाली घातली. बाहेर आल्यावर आपा मला म्हणाली, "रात्री त्या अंधाऱ्या टोकाला एकटीने कसे जायचे? आणि सकाळी पुरुषांच्या रांगेत कसे उभे राहायचे? म्हणून ती पाणीच पीत नसे. आम्हीही तेच शिकलो." एकाच खोलीत वाढूनही मला हे कधी कळले नव्हते.

वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. घरातला संडास घरात यायला शंभर वर्षे लागली. ती बातमी वाचताना अम्मीच आठवत होती. पाकीला आपण निम्मा ईमान मानतो. त्या पाकीसाठी बाईला पाण्याइतकाच आडोसाही लागतो, हे आमच्या मोरीने कधी विचारात घेतले नाही.

मी मुलाला एवढेच म्हणालो, "बेटा, माणसे मोजून बाथरूम ठरवू नकोस. घरातल्या कुठल्याही बाईला पाणी पिताना हिशेब करावा लागू नये, एवढे बघ."

तो नकाशाकडे पाहत राहिला. सून स्वयंपाकघरातून ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, "अब्बा, अभ्यासाचे टेबल हॉलमध्ये खिडकीपाशी बसेल."