द्राक्षमळ्यांतील दोन दिवस

माघ सरत आला की छत्रपती संभाजीनगरच्या हवेतील गारवा ओसरू लागतो. नेमक्या त्याच सुमारास नाशिक जिल्ह्यात द्राक्षांची तोडणी भरात असते. कुटुंबासह दोन दिवस निवांत घालवायचे असतील, तर हा काळ उत्तम. गेल्या फेब्रुवारीत आम्ही चौघे, म्हणजे मी, पत्नी, थोरली ताई आणि दाजी, तिकडे जाऊन आलो. विश्रांती मिळालीच, शिवाय माझ्याच एका जुन्या सल्ल्याचा हिशेबही द्यावा लागला.

आधी वाटेविषयी. वैजापूर, येवला मागे टाकून विंचूर-निफाडच्या पट्ट्यात शिरलात की रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षांचे मांडव दिसू लागतात. राज्याने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रियेचे धोरण आखले आणि विंचूरला वाइन उद्योगासाठी स्वतंत्र वसाहत उभारली. निफाड तालुक्यातच गोदावरी आणि कादवेच्या संगमावर नांदूर मधमेश्वर आहे. महाराष्ट्रात रामसर दर्जा मिळालेले हे पहिले पाणथळ क्षेत्र. तो दर्जा 2020 मध्ये जाहीर झाला. हिवाळ्यात तेथे चक्रवाक, थापट्या, शेकाट्या असे पक्षी दिसतात. तेथून गोदावरी पुढे नाथसागरात येते आणि तेच पाणी आपल्या नळांना पोहोचते. तासभर थांबून ते अवश्य पाहा.

नाशिकच्या पश्चिमेस, गंगापूर धरणाच्या परिसरात, राजीव सामंत यांनी 1997 मध्ये वाइनच्या द्राक्षांची लागवड केली आणि 2000 मध्ये ‘सुला’ची पहिली वाइन बाजारात आली. त्यानंतर या भागात आणि दिंडोरी तालुक्यात अशा मळ्यांची संख्या वाढत गेली. या मळ्यांत मांडव क्वचितच दिसतो. वेली तारांच्या आधाराने उभ्या ओळींत वाढवतात. द्राक्षे लहान, जाड सालीची, बियांची आणि चवीला अतिशय गोड असतात. वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या छाटणीनंतर काडी तयार होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फळ धरते. मळ्यातील माणसाने हे सारे हाताने दाखवीत समजावले, तेव्हा ताईने वहीत टिपून घेतले.

संध्याकाळी वाइनची चव घेण्याचा कार्यक्रम झाला. दाजींचे वय बासष्ट. मधुमेहासाठी ते ग्लिमेपिराइड घेतात. मी भुवया उंचावल्या, तर म्हणाले, “अहो डॉक्टर, थोडी वाइन हृदयाला चांगली, हे तुम्हीच सांगितलं होतं.” खरेच होते ते. काही वर्षांपूर्वी मी तसे सांगितले होते, त्यांना आणि इतर अनेकांना. मी गप्प राहिलो. पाच-सहा चवी झाल्या, गप्पा रंगल्या. रात्री दाजींनी गोळी घेतली. जेवण मात्र अर्ध्या भाकरीवर आटोपले.

पहाटे दोनला ताईने दार ठोठावले. दाजी घामाने भिजलेले, बोलणे असंबद्ध. “जास्त झाली असेल, झोपू दे,” असे कोणीही म्हणाले असते. ग्लुकोमीटरवर साखर 48 होती. ते गिळू शकत होते, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, मग दूध-बिस्किटे दिली. या गोळीचा परिणाम लांबतो, म्हणून उजाडेपर्यंत दर तासाला साखर पाहिली. माणूस बेशुद्ध असता, तर तोंडावाटे काहीही न देता 108 ला फोन करावा लागला असता.

असे का घडते, हे समजून घ्या. जेवण कमी पडले की यकृत साखर तयार करून रक्तात सोडते. मद्य पोटात गेले की यकृत त्याचा निचरा करण्यात गुंतते आणि हे काम मागे पडते. त्यात गोळी आपले काम करीतच राहते. वरून लक्षणे नशेसारखी, त्यामुळे ओळखायला उशीर होतो.

आता त्या जुन्या सल्ल्याविषयी. 1990 च्या दशकात लाल वाइन हृदयाला हितकारक असल्याचा बराच बोलबाला झाला. पुढे ध्यानात आले की ‘न पिणाऱ्यां’च्या गटात आजारपणामुळे पिणे सोडलेली माणसेही मोजली गेली होती, आणि बेताने पिणारे बहुधा मुळातच सुस्थितीतील होते. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट सांगितले, की आरोग्याला निर्धोक असे मद्याचे कोणतेच प्रमाण नाही. कर्करोगाचा धोका पहिल्या घोटापासून सुरू होतो, पेय कोणतेही असो. वाइन ‘सौम्य’ असते हाही गैरसमजच. दीडशे मिलिलिटरच्या एका पेल्यात सुमारे 14 ग्रॅम मद्यार्क असतो, व्हिस्कीच्या तीस मिलिलिटरच्या एका पेगात सुमारे 10 ग्रॅम. तीस-तीस मिलिलिटरच्या पाच चवी म्हणजे एक पूर्ण पेला.

म्हणून तेथे जाणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच. न पिणाऱ्याने प्रकृतीसाठी म्हणून सुरुवात करू नये. मधुमेह, यकृताचा विकार किंवा गर्भावस्था असेल, तर चवही टाळावी. ज्यांना घ्यायचीच आहे त्यांनी भरपेट जेवणासोबत, थोडकी घ्यावी आणि त्या दिवशी स्टिअरिंगला हात लावू नये. आपल्याकडून जनशताब्दी आणि वंदे भारत नाशिक रोडला थांबतात. तेथून पुढे भाड्याची गाडी करावी. मधुमेहींनी ग्लुकोमीटर आणि साखर जवळ बाळगावी.

रविवारी सकाळी दाजी सावरले होते. कोवळ्या उन्हात आम्ही चौघे वेलींच्या ओळींमधून तासभर सावकाश चाललो. फोन खोलीतच होते. ताई आणि दाजी कित्येक महिन्यांनी एवढा वेळ एकमेकांशी बोलत होते. आम्ही ज्या विश्रांतीसाठी आलो होतो, ती हीच होती; तिच्यासाठी पेल्याची गरज पडली नाही.

परतताना दाजी म्हणाले, “डॉक्टर, आता बाकीच्यांनाही सांगा.” म्हणून हे लिहिले.