नदी देते, पण अवेळी

१/ पहिल्या संस्कृती नद्यांच्या काठी उदयास आल्या, कारण तेथे पाणी आणि सुपीक गाळ होता, हे शालेय पुस्तकातील वाक्य सर्वांच्या परिचयाचे आहे. वाक्य खरे, पण अपुरे. सुमेरकडे, म्हणजे आजच्या इराकच्या दक्षिण भागाकडे पाहिले की त्यातील उणीव ध्यानात येते.

२/ नाईलचा पूर उन्हाळ्याच्या उत्तरार्धात चढे, शरदात ओसरे, आणि मागे राहिलेल्या ओल्या गाळात इजिप्तचा शेतकरी पेरणी करी. टायग्रिस-युफ्रेटिसचे वेळापत्रक याच्या उलट. डोंगरांतील बर्फ वितळून त्यांना पूर येई तो एप्रिल-मेमध्ये, नेमके पीक कापणीला आले असता. पेरणीच्या वेळी मात्र पात्रे खालावलेली. पाऊस इतका तुटपुंजा की त्याच्या भरवशावर धान्य पिकणे अशक्य.

३/ गाळ साचून युफ्रेटिसचे पात्र आणि काठ आसपासच्या मैदानाहून उंच झाले होते. काठ फोडला की पाणी उताराने शेतात जाई. पुरात तोच काठ आपोआप फुटला की उभे पीक बुडे. म्हणून बांध आले, कालवे आले. आणि कालव्यांत पुन्हा गाळ भरू लागला.

४/ हा गाळ कोण उपसत होते? इ. स. पू. २१०० ते २००० या काळातील उम्मा नगरीच्या मातीच्या पाट्यांवर त्याचा हिशेब आहे : किती माती काढली, किती मजूर, किती दिवस. पुरुष मजुराचा प्रमाण शिधा महिन्याला ६० सिला, म्हणजे सुमारे ६० लिटर जव. स्त्रीला बहुधा त्याच्या निम्मा. नदीचे ‘वरदान’ शेतापर्यंत पोहोचले ते या हातांनी.

५/ पाण्याबरोबर तंटाही आला. उम्मा आणि लगश या शेजारी नगरराज्यांत सुपीक पट्ट्यावरून पिढ्यान्‌पिढ्या वैर होते. किशचा राजा मेसिलिम याने सीमा आखून दिली. ती टिकली नाही. इ. स. पू. २४५० च्या सुमारास लगशच्या एअन्नातुमने विजय मिळवून शिळा कोरविली. शत्रूची मस्तके चोचीत धरून उडणारी गिधाडे तिच्यावर आहेत. तिचे तुकडे आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत.

६/ एअन्नातुमचा पुतण्या एन्मेतेना याच्या लेखात तक्रारी नेमक्या शब्दांत नोंदल्या आहेत : उम्माने व्याजाने घेतलेले जव फेडले नाहीत आणि सीमेवरील कालव्याचे पाणी वळविले. साडेचार हजार वर्षांपूर्वीचा हा मजकूर आजच्या पाणीतंट्याच्या फिर्यादीसारखा वाटतो.

७/ तिसरा शत्रू मूक होता. वारंवार पाणी दिल्याने भूजल वर चढे, उन्हाने पाणी उडून जाई आणि क्षार मागे राही. एक वर्ष जमीन पडीक ठेवणे हा त्यावरचा जुना उपाय होता. जव क्षार सोसतो, गहू सोसत नाही. दक्षिणेत इ. स. पू. ३५०० च्या सुमारास गहू आणि जव जवळपास समप्रमाणात होते, पण १७०० पर्यंत गहू जवळजवळ नाहीसा झाला, असे याकबसेन आणि अ‍ॅडम्स या अभ्यासकांनी १९५८ मध्ये मांडले. क्षारानेच सुमेर खचले काय, यावर पुढे बराच वाद झाला. क्षार साचण्याची प्रक्रिया मात्र निर्विवाद आहे.

८/ सांगली-कोल्हापूरकडील कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला ती समजावून सांगावी लागत नाही. उसाला अतोनात पाणी आणि निचऱ्याची सोय अपुरी, यामुळे तेथील उत्तम काळी जमीनही क्षारपड झाली आहे. ती सुधारायची तर चर खणावे लागतात, आणि एकट्याने आपल्याच शेतात चर खणून भागत नाही. पाणी पुढे सोडायला शेजाऱ्याची संमती लागते. उम्मा आणि लगश यांना जे साधले नाही, ते कृष्णाकाठच्या शेजाऱ्यांना साधावे लागणार आहे.