गुरुवार बाजारातील खानावळ

कादिक्योयच्या धक्क्यावरून आगबोट सुटते तेव्हा आपण आशिया खंडात असतो आणि वीसेक मिनिटांनी काराक्योयला पाय टेकतो तेव्हा युरोपात. बारीक कमरेच्या काचेच्या पेल्यातील चहा संपता संपता पैलतीर येतो, एवढाच हा दोन खंडांमधला प्रवास. नोकरीच्या निमित्ताने इस्तंबूलमध्ये माझे अडीच वर्षे वास्तव्य झाले, आणि त्या काळात सुट्टीचे दिवस सोडले तर हा प्रवास मी रोज केला. कादिक्योय म्हणजे काजीचे गाव. १४५३ साली सुलतान दुसऱ्या महंमदाने शहर जिंकले, खिजिर बे याला शहराचा पहिला काजी नेमले आणि समोरच्या किनाऱ्यावरचे हे गाव त्याला तोडून दिले, अशी त्या नावाची हकीकत. ज्या गावाचे नावच काजीवरून पडले ते मराठी माणसाला अगदीच परके वाटू नये हे खरे. परंतु पहिले काही महिने ते वाटले, आणि त्याला कारण जेवण होते. परमुलखात एकट्याने बिऱ्हाड करणाऱ्याला दिवसभर कचेरीचे काम असते, चार माणसांची सोबतही असते. एकटेपण त्याला गाठते ते जेवणाच्या वेळी. प्रवाशांसाठी थाटलेल्या उपाहारगृहांत रंगीत चित्रांचे पत्रक पुढे येई आणि मी एखाद्या चित्रावर बोट ठेवीत असे. ते अन्न वाईट नव्हते. पण ते कोणासाठीही शिजवलेले असे, आणि म्हणून माझ्यासाठी नसे.

काराक्योयला उतरून डावीकडे वळले आणि सुवर्णशृंग खाडीच्या काठाने चालू लागले, की पेर्शेंबे पाझारी लागतो. पेर्शेंबे हा फारसी पंजशंबे, म्हणजे गुरुवार. तेव्हा हा गुरुवारचा बाजार. साखळदंड, जहाजांचे नांगर, पितळी तोट्या, खिळ्यांची पोती आणि दोरखंडांची वेटोळी यांनी भरलेल्या त्या गल्ल्यांत मला पहिल्याच दिवशी पुण्याच्या बोहरी आळीची आठवण झाली. तुर्कांच्या पूर्वी हा भाग, म्हणजे गलाता, ही जिनोआच्या व्यापाऱ्यांची तटबंद वसाहत होती. त्यांनी १३४८ साली बांधलेला बुरूज आजही टेकडीवर उभा आहे. बाजाराच्या मध्यभागी कुर्शुन्लू हान ही दुमजली सराई आहे. जिनोआकरांच्या जुन्या चर्चच्या जागेवर, सुलतान सुलेमानाचा जावई आणि वजीर रुस्तुम पाशा याने सोळाव्या शतकात ती सिनानकडून बांधून घेतली. ज्या स्थपतीने सुलेमानिये मशिदीचा घुमट आभाळात उचलून धरला, त्याच्याच हातच्या या कमानींखाली आता लोहार आणि कातारी कानशी चालवतात, आणि भिंतीला टेकून हमाल घटकाभर विसावतात. त्यांना तिथेही हमालच म्हणतात.

या सराईच्या मागच्या बोळात ती खानावळ होती. अशा खानावळीला तिकडे ‘एस्नाफ लोकांता’ म्हणतात. एस्नाफ म्हणजे कसबी कारागीर आणि दुकानदार. लोकांता हा शब्द इटालियन. भल्या सकाळी मसुरीच्या सारापासून आरंभ होतो, दुपारी तीनच्या सुमारास पातेल्यांचे तळ दिसू लागतात, आणि मग कवाडे लागतात. रविवारी बाजार बंद, म्हणून खानावळही बंद. इथे पत्रक नसते. दाराशीच काचेमागे गरम पाण्यात बसवलेली पातेली ओळीने मांडलेली असतात आणि गिऱ्हाइकाने त्यांच्यासमोर उभे राहून डोळ्यांनी जेवण ठरवायचे असते. लोण्यावर परतलेल्या शेवयांचे तांबूस तुकडे घातलेला भात. टोमॅटोच्या लालसर रसात मुरलेला पांढरा सुका घेवडा. पोट चिरून आत खिमा भरलेली आणि वर हिरवी मिरची आडवी ठेवलेली वांगी. या वांग्याला ते ‘पात्लिजान’ म्हणतात. वातिंगण हे संस्कृत नाव फारसीत बादिंगान झाले आणि अरबांच्या मुखातून फिरत बॉस्फोरसपर्यंत पोहोचले. भाजी इथे परकी राहिली नाही, पण नावात तिचे माहेर शिल्लक राहिले.

पहिल्या दिवशी मला घेवड्याबरोबर थोडा भात हवा होता, आणखी काही नको होते. तुर्की शब्द आठवेनात, तेव्हा तोंडून आपोआप निघाले, “फक्त पिलाव.” वाढणारा उस्ता, म्हणजे आपला उस्ताद, हातातला पळा पातेल्यावर तसाच धरून माझ्याकडे पाहत राहिला. पळ्याच्या टोकाशी रसाचा थेंब जमला, पडला, दुसरा जमला. तरी तो थांबलाच होता. शेजारच्या मेजावर कुलुपांचा एक व्यापारी जेवीत होता, त्याने उलगडा केला. तुर्कीत ‘फाकात’ म्हणजे परंतु! ‘परंतु भात’ एवढे बोलून मी गप्प झालो होतो, आणि वाक्य पुरे झाल्याविना परक्या माणसाला वाढणे त्या वृद्धाच्या सभ्यतेत बसत नव्हते. अर्थ कळताच त्याने भात वाढला आणि पोऱ्याला हाक मारून म्हटले, “मिसाफिर!” मला ‘मुसाफिर’ ऐकू आले, आणि खरे सांगायचे तर किंचित वाईट वाटले. मिसाफिर म्हणजे पाहुणा, हे मला नंतर कळले. एकाच अरबी शब्दाला आपण वाटेवर ठेवले आणि त्यांनी घरात घेतले.

त्या दिवसापासून मी तिथेच जेवू लागलो आणि शब्द वेचू लागलो. स्वयंपाकघराला ते ‘मुत्फाक’ म्हणतात. मूळ शब्द मतबख, आणि आपल्या बखरींच्या काळचा मुदपाकखाना तो हाच. तोपकापी राजवाड्यातला बादशाही मुदपाकखाना १५७४ च्या आगीनंतर सिनाननेच पुन्हा उभारला. त्याच्या धुराड्यांची रांग आगबोटीवरून स्पष्ट दिसते. जानिसारी या सुलतानाच्या कडव्या फौजेत तर सगळी भाषाच चुलीची होती. फौजेला ‘ओजाक’, म्हणजे चूल म्हणत. पथकाच्या सरदाराचा हुद्दा ‘चोर्बाजी’, म्हणजे शोरबा करणारा. आणि सैनिकांनी कढई पालथी घातली की बंड सुरू झाले असे समजत. १८२६ साली दुसऱ्या महमुदाने ती फौज मोडली, पण ‘चोर्बा’ रोज सकाळी माझ्या पुढ्यात येतच होता.

या शब्दांना दोन्ही मुलखांत हद्दपारीची शिक्षा झाली होती, ही गोष्ट मला वारंवार विचार करायला लावी. छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय योजले. अतातुर्कांनी १९२८ साली लिपी बदलली आणि १९३२ साली भाषासंस्था स्थापून अरबी-फारसी शब्दांवर शुद्धीची मोहीम उघडली. दोन्ही प्रयत्नांमागचा स्वाभिमान मी मनापासून वंदनीय मानतो. पण फर्मान कचेरीत चालते. पातेल्यापाशी चालत नाही. जेवण झाल्यावर मी हात वर करून ‘हेसाप’ म्हणे आणि हिशेब येई. ही ये-जा शब्दांपुरतीही नव्हती. विजापूरच्या तटावरील मुलूखमैदान तोफ १५४९ साली आमच्या अहमदनगरास ओतली गेली, आणि ती ओतणारा महंमद बिन हसन हा ‘रूमी’, म्हणजे तुर्कांच्या मुलखातला होता. तोही नगरात कुठेतरी रोज जेवला असेल, आणि त्यालाही कोणी तरी पहिल्या दिवशी वाढले असेल.

एका शनिवारी मी पूल ओलांडून सुलेमानियेला गेलो. मशिदीबरोबरच सिनानने तिथे इमारेत, म्हणजे अन्नछत्र बांधले, आणि विद्यार्थी, सेवक, वाटसरू व गोरगरीब तिथे जेवत. आज समोरच्या ओळीत सुक्या घेवड्याच्या खानावळी आहेत. परत येताना मिसिर चार्शीतून आलो. इजिप्तच्या महसुलावरून नाव पडलेल्या त्या मसाल्याच्या बाजाराच्या दरवाजावर, निळ्या फरशांच्या दालनात, पांडेली नावाच्या ग्रीक आचाऱ्याची खानावळ आहे. १९०१ मध्ये सुरू झालेली त्याची पहिली जागा १९५५ च्या सप्टेंबरात ग्रीकांविरुद्ध उसळलेल्या दंगलीत उद्ध्वस्त झाली, आणि मग तो इथे आला. बहुतेकांना असे दुसरे दालन मिळाले नाही. १९६४ साली ग्रीक नागरिकत्व असलेल्या हजारोंना देश सोडण्याचा हुकूम झाला, आणि पिढ्यान्‌पिढ्या या शहराला जेवू घालणारी घरे रिकामी झाली. सोमवारी मी उस्ताजवळ हा विषय काढला. तो काही वेळ बोलला नाही. मग ऑलिव्ह तेलात शिजवून थंड केलेल्या आर्टिचोकच्या ताटाकडे त्याने बोट दाखवले. हा पदार्थ त्याचे वडील ज्याच्या हाताखाली शिकले तो गलात्यातला ग्रीक आचारी त्याच वर्षी गेला होता. ‘फक्त’ शब्दाच्या वेळी थांबला होता तसाच तो त्या ताटापाशी पळा धरून थांबला. त्या दिवशी मी तेच मागितले.

माझ्या मुक्कामाच्या शेवटच्या हिवाळ्यात एकदा पैशाचे पाकीट घरी राहिले, आणि जेवण झाल्यावर ते ध्यानात आले. उस्ताने मला बोलूही दिले नाही. गल्ल्याखालून त्याने एक तेलकट कोपऱ्यांची वही काढली. तिला ते ‘देफ्तेर’ म्हणतात, आणि पेशवे दफ्तराच्या गावाहून आलेल्या मला तो शब्द कोणी समजावून सांगावा लागला नाही. उधारी मांडलेल्या त्या पानावर माणसांची नावे नव्हती, कसबांची होती: कुलूपवाला, दोरखंडवाला, वरच्या मजल्यावरचा कातारी. त्यांच्याखाली त्याने एक ओळ लिहिली, आणि वही फिरवून मला दाखवली. रकमेपुढे ‘कोमशू’ असे लिहिले होते, म्हणजे शेजारी.

दुसऱ्या दिवशी मी नोटा पुढे केल्या. त्याने ती ओळ एका रेघेने खोडली, पैसे कपाळाला लावले आणि म्हटले, “बेरेकेत वेर्सिन,” बरकत येवो. आमच्याकडे खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणतात, हे मला त्याला सांगायचे होते. तेवढी तुर्की मला येत नव्हती. मी तो शब्द नुसता मराठीत उच्चारला. त्याने मान हलवली आणि चोर्ब्याची वाटी माझ्यापुढे सरकवली.