पिंप उघडलं की तीन दिवस

पब म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं हिंदी सिनेमातला अंधार, धूर आणि लाल-निळे दिवे येतात. इंग्लंडात, केंट परगण्यात, कँटरबरीजवळच्या एका गावी माझी मुलगी राहते. तिच्या शेजारीणबाई पब चालवतात हे कळलं तेव्हा मी जरा बिचकलेच. पण २०२२ साली मेपासून सप्टेंबरअखेरपर्यंत मुलीच्या बाळंतपणासाठी आणि पुढं २०२३ च्या नोव्हेंबरापासून फेब्रुवारीपर्यंत नातीला सांभाळायला, असे माझे तिथं दोन मुक्काम झाले. दुपारी पब उघडण्याआधी बाई झाडलोट करीत, आणि नातीची बाबागाडी ढकलत मी तिथं टेकत असे. मी स्वतः घेत नाही, हे आधीच सांगून टाकते.

हा पब आपल्या पिठाच्या गिरणीएवढा. पूर्वी तिथं लोकरीचं आणि बटणांचं दुकान होतं. भिंतीला लागून बाकं, मधे दोन टेबलं. पंचवीस माणसं बसली की सव्विसाव्याने उभं राहायचं. टी.व्ही. नाही, गाणी नाहीत, जेवणही नाही. व्हिनेगरमधली अंडी, चीज आणि बटाट्याचे वेफर्स, बस्स. माणसाने माणसाशी बोलायचं, एवढीच करमणूक. अशा पबाला तिकडं मायक्रोपब म्हणतात आणि त्याचं माहेर केंटच. जवळच्या हर्न गावात मार्टिन हिलियर या गृहस्थांनी २००५ साली एका जुन्या खाटकाच्या दुकानात असा पहिला पब उघडला. नाव ठेवलं ‘द बुचर्स आर्म्स’, म्हणजे खाटकाचीच आठवण! त्याच वर्षी परवान्याचा नवा कायदा अमलात आला आणि लहान माणसाला पब काढणं सोपं झालं. मग ठिकठिकाणी बंद पडलेल्या दुकानांतून असे पब निघाले. आमच्या बाईंनीही टपाल कचेरीतली नोकरी सुटल्यावर साठवलेल्या पैशांतून हा काढला.

आता यात आपल्यासारख्या गृहिणीला काय कळणार, असं वाटेल. पण मैत्रिणींनो, ज्या बाईने थंडीत इडलीचं पीठ फुगण्याची वाट पाहिली आहे तिला यातलं निम्मं तरी कळतंच. नाचणीला मोड आणून आपण सत्त्व करतो ना, तसे जवाला मोड आणायचे, ते भट्टीत वाळवायचे, भरडून गरम पाण्यात भिजवायचे. तो गोड काढा हॉप नावाच्या वेलीच्या फुलांबरोबर उकळायचा आणि निवल्यावर यीस्ट घालून आंबवायचा. हे काम ब्रुअरीतलं. पण या जातीच्या बिअरचं आंबणं तिथं संपत नाही. पिंपात भरल्यावरही ती जिवंत असते. पिंप आलं की पबात ते आडवं ठेवून एक-दोन दिवस हलवायचं नाही, गाळ खाली बसू द्यायचा. वरच्या भोकात लाकडी खुंटी असते, तिच्यातून वायू किती सोडायचा ते बाई फेस पाहून ठरवतात. गाळ लवकर बसावा म्हणून माशाच्या पोटातल्या फुग्यापासून केलेला पदार्थ घालण्याची जुनी रीत आहे. (म्हणजे कट्टर शाकाहाऱ्याला बिअरही वर्ज्य! हल्ली पुष्कळ जण तो घालत नाहीत आणि गढूळच देतात.)

खोलीचं तापमान अकरा ते तेरा अंश हवं. आणि एकदा तोटी ठोकली, हवा आत गेली, की जेमतेम तीन दिवस. मग आंबूस वास सुटतो. नेहमीचं पिंप नऊ गॅलनांचं, म्हणजे सुमारे एकेचाळीस लिटर, बहात्तर ग्लास. गाळाचे दोन-चार वगळा. उरलेले तीन दिवसांत खपले पाहिजेत, नाहीतर मोरीत. पाहुणे किती येणार ते माहीत नसताना रोज कणीक मळायची, असा हा धंदा. आणि पाहुणे येणार की नाही ते ठरवतं आभाळ.

जूनमध्ये तिकडं रात्री नऊपर्यंत उजेड. लोक बाहेर फुटपाथवर ग्लास घेऊन उभे राहत, फळ्यावर हलक्या सोनेरी बिअरची नावं. चार-चार पिंपं उघडी असत आणि तरी पुरत नसत. पण २०२२ च्या जुलैत उष्णतेची लाट आली. १९ तारखेला लिंकनशायरमध्ये ४०.३ अंशांची नोंद झाली, इंग्लंडातला तोवरचा उच्चांक. आपल्याला त्याचं काय, असं मी आधी म्हटलं. पण त्यांची घरं ऊन आत कोंडून धरण्यासाठीच बांधलेली. बाईंनी ओले टॉवेल पिंपांवर घातले, आपण माठाला ओलं फडकं गुंडाळतो तसे, आणि मागच्या खोलीतलं थंडाव्याचं यंत्र रात्रंदिवस चालू ठेवलं. विक्री झकास झाली. पुढच्या महिन्याचं वीजबिल पाहून मात्र त्या बराच वेळ गप्प बसल्या.

सगळ्यात देखणा काळ सप्टेंबर. केंट म्हणजे हॉपचा मुलूख. उंच तारांवर चढलेल्या वेली, त्यांना हिरव्या, कागदी पाकळ्यांची शंकूसारखी फुलं; चुरडली की बोटांना कडवट वास आणि चिकटपणा. एरवी ही फुलं वाळवून ठेवतात. पूर्वी त्यासाठी निमुळत्या टोपीच्या भट्ट्या होत्या, आता त्यांत लोक राहतात. पण या दिवसांत काही ब्रुअरीवाले ताजीच फुलं, तोडल्यापासून काही तासांत, उकळीत टाकतात. ती बिअर वर्षातून एकदाच मिळते. हुरड्यासारखंच म्हणा ना, वाळली की ती चव गेली.

बाईंची आजी लंडनच्या पूर्व भागातली. यंत्रं येण्यापूर्वी, म्हणजे साधारण १९५०-६० पर्यंत, तिकडच्या गरीब वस्त्यांतल्या बायका पोराबाळांसकट आगगाडीने हॉप खुडायला केंटमध्ये येत. काही आठवडे झोपड्यांत राहायचं, चुलीवर शिजवायचं, टोपलीच्या मापाने मजुरी घ्यायची. नवरे बहुतेक शनिवार-रविवारी येत. ‘आजी त्याला सुट्टी म्हणायची,’ बाई म्हणाल्या. दिवसभर खुडून बोटं काळी होत, तरी सुट्टी! स्वतःच्या हातात आलेल्या पैशांतून ती पोरांना हिवाळ्याचे बूट घ्यायची.

एकदा मी त्यांना स्पष्टच विचारलं. आमच्या आळीत नवऱ्याच्या पगाराच्या दिवशी गुत्त्याबाहेर उभ्या राहणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. आमच्याकडे बायका मतदान करून दारूचं दुकान बंद पाडतात, त्याला आडवी बाटली म्हणतात, हेही सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘झिंगलेल्याला विकणं आमच्याकडे गुन्हा आहे आणि मी नाही म्हणतेच. पण मी नाही म्हटलेला माणूस सुपरमार्केटातून याहून स्वस्त घेऊन घरी एकटाच बसतो, ते मला दिसत नाही.’ यावर मला काही बोलता आलं नाही. पटलंच असंही नाही.

हिवाळ्याची गोष्ट निराळी. डिसेंबरात चार वाजायच्या आत दिवे लागणी. फळ्यावर काळ्या, भाजक्या वासाच्या बिअरची नावं येतात, नाताळापर्यंत बाकं भरलेली असतात. आणि जानेवारी लागला की सारं सामसूम. खिसे रिकामे, त्यातून २०१३ पासून महिनाभर मद्य सोडण्याची मोहीम निघालेली. (माझं मत मोहिमेच्या बाजूने, बाईंना ते माहीत होतं.) २०२४ च्या जानेवारीत पहिल्या आठवड्यात पिंपातली अर्धी बिअर मोरीत गेली. उरलेली थोडी बशांतून बागेत ठेवण्यासाठी बरणीत भरली; वसंतात गोगलगायी तिच्या वासाने येतात आणि त्यातच पडतात, भाजी वाचते. लक्षात ठेवण्याजोगी युक्ती आहे!

मग त्यांनी निम्म्या मापाची पिंपं मागवायला सुरुवात केली, चारांऐवजी दोनच उघडली आणि सोमवार ते बुधवार पब बंद ठेवायचं ठरवलं. नवऱ्यानेही हिशेब मांडून तेच सांगितलं. पण मंगळवारी एक आजोबा यायचे. बायको गेल्यापासून, तीन वर्षं. एक ग्लास घेऊन दोन तास बसायचे, कुत्रा पायाशी. त्यांच्याबरोबर आणखी तिघं-चौघं, तसलेच एकटे. चार माणसांसाठी दिवे, हीटर आणि पिंप उघडणं परवडत नाही, हे आकडेच सांगत होते.

बाईंनी सोमवार आणि बुधवार बंद केला, मंगळवार ठेवला. मात्र त्या दिवशी नवं पिंप फोडायचं नाही, रविवारचं उरलेलं चालवायचं, आणि हीटर एकाच टोकाला लावून सगळ्यांनी तिकडं बसायचं. फेब्रुवारीत मी निघाले त्या आठवड्यात मंगळवारी नऊ माणसं होती. वहीत त्या दिवशीची ग्लासांची संख्या लिहिली होती, चौदा. ईस्टरपर्यंत असंच, मग पाहू, असं त्या नवऱ्याला म्हणाल्या आणि ब्रुअरीला फोन लावायला आत गेल्या.