नाट्याच्या आंब्यावरचं रुखाळू

गेल्या वर्षी गणपतीच्या सुट्टीत आम्ही चौघं नाट्याला फुफीकडे गेलो होतो. रत्नागिरीहून पावस, आडिवरे करत गाडी नाट्यात पोहोचते. जैतापूरच्या खाडीकाठी जांभ्याच्या तटाचा यशवंतगड उभा आहे. पावसाळ्यात तटावर, गडग्यावर, आंब्याफणसावर, जिथे बोटभर माती साठेल तिथे हिरवं उगवतं.

आमची लेक मात्र हिरमुसली होती. ईदीचे पैसे साठवून तिने पांढऱ्या पट्ट्यांचा मॉन्स्टेरा घरपोच मागवला होता. एका पेराचे अठराशे रुपये! पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, म्हणून तो सावकाश वाढतो. बी पेरून ते पट्टे हमखास मिळत नाहीत, पेरं कापूनच रोपं करावी लागतात. म्हणून एवढा भाव. आम्ही हौसेने कुंडीत लाल माती दाबून भरली, रोज पाणी घातलं. पंधरा दिवसांत मुळं कुजली.

फुफीने ऐकून घेतलं आणि आम्हाला मागीलदारच्या आंब्याकडे नेलं. वर बेचक्यात अळूसारखी पानं डोलत होती. ते रुखाळू, झाडावरचं अळू. साचलेला पालापाचोळा आणि शेवाळ, एवढीच त्याची माती. कितीही पाऊस पडो, पाणी निथळून जातं, मुळांना हवा मिळते.

"तुम्ही कुंडीची विहीर केलीत," फुफी हसली.

मॉन्स्टेरा मेक्सिको, मध्य अमेरिकेच्या रानातला. पण तोही झाडावर चढणारा आणि अळू, सुरण, मनीप्लांटच्याच कुळातला.

लेकीने कांदा उपटायला हात घातला, तशी फुफीने मनगट धरलं. "कांदा नको गो. तो नेलास तर पुढच्या पावसात इथे काय उगवेल?" तिने बुडाशी उभ्या असलेल्या काड्या दाखवल्या. त्यांवर बारीक कंदिकांचे झुपके होते, प्रत्येकीला आकडे. पाखरा-जनावरांना चिकटून त्या दुसऱ्या झाडावर जातात. आमच्या ओढणीलाही चिकटल्या. तेवढ्याच आम्ही आणल्या.

हे बोलणं आम्हाला फार मोलाचं वाटलं. कोकणात या कुळाची कितीतरी रानरोपं आहेत. सुरणाच्या एका रानटी भावंडाला तर १९९४ साली कोकणाचंच नाव मिळालं, अमॉर्फोफॅलस कोंकणेन्सिस. हौसेपायी कांदेच खणले, तर रान रिकामं व्हायला वेळ लागणार नाही.

घरी आल्यावर सोडणाचे तुकडे, कोळसा, जांभ्याचे खडे आणि थोडं शेणखत असं मिश्रण केलं. मनीप्लांट, मॉन्स्टेराचं कलम घेताना पेर हवंच. नुसतं पान कोंब देत नाही. सुरणाच्या तुकड्याला डोळा हवा. या झाडांच्या चिकात सुईसारखे खडे असतात, त्याने खाज सुटते. म्हणून लहान मुलांच्या तोंडाशी पान जाऊ देऊ नये.

कंदिका पेरल्या, पण कोंब येईना. लेकीने फोन केला. फुफी म्हणाली, "झोपल्यात त्या. पाणी घालू नकोस, सब्र कर."

हिवाळा गेला, उन्हाळा गेला. येणारे-जाणारे विचारायचे, रिकामी कुंडी कशाला ठेवलीय? जूनच्या पहिल्या सरींनंतर तीन कंदिकांतून नखाएवढी पानं वर आली. लेकीने सगळ्यांत आधी फुफीला कळवलं. त्यासाठी आमचा एक पैसाही गेला नव्हता, आणि नाट्याच्या आंब्यावरचा कांदा जागेवरच होता.